जागेवर माणूस

प्रिया : परत राहिलं. बघा ना करीमभाई, बंद पडलेली सगळी मोटेलं लिस्टमधून काढून टाक असं प्रोग्रॅममध्ये लिहिलंय मी, तरी ‘सनसेट’ तिथंच बसलंय.

करीम : बसू दे. बाकीची निघाली ना? एक राहिलं म्हणून अमेरिकेत कोणी मरणार नाही.

प्रिया : साहेब आज परीक्षेत हेच विचारणार ना? लिस्ट देणार, बंद मोटेलं काढ म्हणणार.

करीम : हो. मलाही हेच विचारलं होतं.

प्रिया : मग सांगा की कुठं चुकतंय.

करीम : डोळे दुखतायत यार. थोडं थांब. चहा घेऊ, मग बघू.

प्रिया : चहा कुठून घेणार? चहा करणारी विमलबाई गेली घरी. जाळीला बाहेरून कुलूप आणि साहेब चावी घेऊन बेलापूरला.

करीम : सवय होईल. शेजारच्या गाळ्यातून मागं दोन मॉनिटर चोरीला गेले, तेव्हापासून साहेब बाहेर पडले की कुलूप. आत माणसं असली तरी.

प्रिया : आणि आग लागली तर?

करीम : मी विचारलं होतं. म्हणाले, आत फोन आहे ना.

प्रिया : आमच्या तळवली गावचं कोणी इथून गेलं आणि मला बघितलं, कुलपाच्या आत, एका पोराबरोबर, तर आग आमच्या घरी लागेल.

करीम : म्हणून तर मी जाळीजवळ बसतो आणि तुला आतल्या मशीनवर बसवतो. दिसलाच कोणी तर मी दिसेन.

प्रिया : ते आलंय माझ्या लक्षात. बरं वाटलं होतं मला. पण करीमभाई, तुमी हल्ली शिकवत नाय.

करीम : रोज शिकवतो.

प्रिया : नाय शिकवत. पहिल्या दिवशी मला काय येत होतं? कॉम्प्युटरची कळ दाबायला घाबरत होते मी. तुमी विमलबाईचे चहाचे ग्लास टेबलावर ओळीत ठेवलेत. म्हणालात, ही लिस्ट. पहिल्या ग्लासाचा नंबर शून्य, कारण मशीन शून्यापासून मोजतं. शेवटी एक ग्लास ठेवलात, म्हणालात हे पुश. पुढचा उचललात, म्हणालात हे शिफ्ट, आता दुसरा होता तो पहिला झाला. बी.एस्सी. झाले मी, पण असं कोणी समजावलं नव्हतं. आणि आता गेले काही दिवस मी चुकते तर तुमचे डोळे दुखतात.

करीम : कामाचं टेन्शन आहे. दुसरं काही नाही.

प्रिया : तुमी मला फेल करायला बघताय.

करीम : कोण म्हणालं?

प्रिया : म्हणायला कशाला पायजे? विमलबाईनं मला बाकीचं सगळं सांगितलंय. साहेबांनी तुमचे ओरिजिनल सर्टिफिकेट अडकवून ठेवलेत. तुमच्या मामूनं दोहाला नोकरी बघितलीय, व्हिसा पण आलाय, पण एजंटला ओरिजिनल कागद पायजेत, तेही ह्याच महिन्यात. साहेब म्हणाले, जागेवर माणूस तयार करून दे, मग घेऊन जा तुझे कागद. तो माणूस म्हणजे मी.

करीम : विमलबाईचं तोंड चालू झालं की थांबत नाही.

प्रिया : खोटं आहे?

करीम : नाही.

प्रिया : मग मला कळत नाय. मी पास झाले की तुमी सुटता. तरी तुमीच मला पास होऊ देत नाय. असं का करताय?

करीम : ऐकायचंय? मग ती खुर्ची फिरव इकडं आणि मध्ये बोलू नको. माझ्या आधी इथं दिलीप म्हणून होता. चिपळूणकडचा, अंगानं किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम शेंगदाणे. तू बसलीस त्या खुर्चीत तो असायचा. तुला जे ग्लास मांडून दाखवले ना, ते त्याचं. माझं काही नाही. मी चुकलो की तो हसायचा. म्हणायचा, मशीनला शिव्या देऊ नको, तू सांगितलंस तेच त्यानं केलंय, तू काय सांगितलंस ते आधी बघ. रात्री उशीर झाला तर मला बसस्टॉपपर्यंत सोडायला यायचा. मला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे. म्हसळ्याला अम्मीला फोन केला की मी त्याचंच सांगायचो. मग एका संध्याकाळी साहेबांनी माझी परीक्षा घेतली. एक मोटेल राहिलं, पण पास केलं त्यांनी. दिलीपनं माझा हात धरला. जरा जास्त वेळ धरून ठेवला. दुसऱ्या दिवशी आलो तर खुर्ची रिकामी. साहेब म्हणाले, दिलीप गेला, आजपासून तू. तीन वर्षांच्या बाँडवर सही घेतली आणि कंपनीचा नियम म्हणून माझे कागद मागितले. मी खुशीनं दिले. नोकरी लागली की माणूस काहीही देतो.

प्रिया : न सांगता गेला?

करीम : न सांगता. का, ते मला पण विमलबाईनंच सांगितलं. त्याच्या आदल्या पावसाळ्यात त्याचे वडील आजारी पडले. गावाहून फोन आला, लवकर ये. तो साहेबांकडे गेला. साहेब नको म्हणाले नाहीत. ते नको कधीच म्हणत नाहीत. म्हणाले, जा की, पण सकाळी अमेरिकेला लिस्ट जायला पाहिजे, ती कोण करणार त्याचं नाव सांग आणि जा. नाव कोणाचं सांगणार? दुसऱ्या कोणाला येतच नव्हतं. तसाच उठून गेला असता तर कागद गेले, इतके दिवस घासलेली नोकरी गेली. आज जातो, उद्या जातो असं करत राहिला. पोचला तेव्हा वडिलांना नेलेलं होतं. परत आला, कामाला बसला. मग एक दिवस साहेबांना म्हणाला, मला एक मुलगा आणून द्या, मी तयार करतो. तो मुलगा मी.

प्रिया : परत भेटला कधी?

करीम : वाशीला दिसला एकदा, मार्केटच्या समोर. मला बघितलं आणि रस्ता ओलांडून पलीकडं गेला. मी हाक नाही मारली. मला त्याचा राग नाही, प्रिया. त्याच्या जागी बसल्यावर राग राहत नाही. पण तू ते शिफ्ट, पुश करायला लागलीस, पटापट शिकायला लागलीस, आणि मला रोज घरी जाताना वाटायला लागलं की माझ्या खिशात शेंगदाणे आहेत.

प्रिया : म्हणून शिकवणं बंद केलंत.

करीम : तू फेल झालीस तर साहेब तुला जा म्हणतील. तू मोकळी. माझं मी बघेन.

प्रिया : आणि मला विचारलंत? मोकळी होऊन मी कुठं जाणार?

करीम : घरी. तळवलीला. तुमचं स्वतःचं घर आहे, आता बिल्डिंग होणार म्हणत होतीस.

प्रिया : बिल्डिंगच होणार आहे. आता तुमी बोलू नका मध्ये. माझे वडील गोटीराम, आमचे आबा, भात होतं, मिठागर होतं तेव्हा फार बोलायचे नाय. नव्या शहरासाठी सरकारनं जमीन घेतली. तिच्या बदल्यात प्लॉट लागला, आणि घरी बिल्डरांची रीघ लागली. ओट्यावर खुर्च्या कमी पडायच्या. आबांना बोलायची चटक लागली. शेवटी खारघरच्या एका बिल्डरला प्लॉट द्यायचं ठरलं. त्याचा मुलगा मिथुन नकाशा घेऊन आला, मी पाणी नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या बापाचा निरोप. प्लॉटबरोबर पोरगी पण द्या, म्हणजे घरातलंच काम होईल. आबा आईला सांगताना हसत सुटले होते. त्यांना वाटलं, देव पावला.

करीम : मिथुन वाईट आहे?

प्रिया : वाईट असता तर बरं झालं असतं, सांगायला काहीतरी मिळालं असतं. इथं येऊन गेला एकदा. आत नाय आला. गाडीतूनच हॉर्न दिला, मी बाहेर गेले. विचारलं, ह्या डबड्यासमोर बसून काय मिळतं तुला? लग्नानंतर आमच्या साइट ऑफिसला बस, एसी आहे, फोन घेत जा. अगदी मायेनं म्हणाला. मी आत येऊन मशीनसमोर बसले तर मला काही सुचेना. तुमी विचारलं होतं, डोकं दुखतंय का. तो दिवस तो.

करीम : मग आबांना सांग सरळ, मला नको.

प्रिया : सांगितलं. आई पण बोलली. आबा माणसाचं ऐकत नाय, कागदाचं ऐकतात. जमीन गेली तेव्हा मोर्चे काढले, उपास केले, पण आजोबांनी एकदा सही केली होती ती काही मोडली नाय. ते त्यांच्या मनात घट्ट बसलंय. सही झाली की झालं. म्हणून आईनं एकदा जेवायला वाढताना सहज विचारलं, पोरीनं पक्क्या नोकरीची सही केली तर लग्न थांबवाल? आबा म्हणाले, सही केली तर मी काय करणार, सही ती सही. त्यांना वाटलं नोकरी कुठं लागतेय. आता तुमीच बघा. तुमचा हा बाँड. तीन वर्षं सोडता येत नाय, सोडलं तर कागद मिळत नाय. तुमाला तो पिंजरा वाटतो.

करीम : पिंजराच आहे, प्रिया.

प्रिया : असू दे. ह्याची जाळी मी बघितलीय. त्या घराची बघितली नाय.

करीम : तीन वर्षांत काय काय होतं माणसाला. मला बघ.

प्रिया : बघते ना रोज. आता मला सनसेटचं सांगा. साहेब येतील इतक्यात.

करीम : मी नाही सांगणार. रॅकवरचे ग्लास घे. मांड ओळीत. उभा ग्लास म्हणजे चालू मोटेल, पालथा म्हणजे बंद. दोन पालथे शेजारी शेजारी ठेव.

प्रिया : ठेवले.

करीम : आता तू मशीन हो. जे लिहिलंयस तेच कर. मनाचं काही करू नको.

प्रिया : शून्य नंबर. चालू, पुढं. एक नंबर, चालू. दोन नंबर, पालथा. बंद. उचलला.

करीम : उचलल्यावर लिस्टमध्ये भोक राहतं?

प्रिया : नाय. मागचे सगळे एकेक घर पुढं सरकतात. हे सरकवले. आता मी तीन नंबरला. चालू. चार नंबर, चालू. संपली लिस्ट. हा एक पालथा तसाच राहिला.

करीम : कितव्या नंबरला आहे तो?

प्रिया : दोन. थांबा. तो तीनला होता. पुढचा उचलला तसा तो दोनला आला, आणि मी तोवर तीनला निघून गेले. त्याला कोणी बघितलंच नाय.

करीम : आता कळलं?

प्रिया : एकटं बंद मोटेल असलं तर निघतं. दोन शेजारी आली की दुसरं सुटतं. म्हणून कधी बरोबर यायचं, कधी चुकायचं.

करीम : चालता चालता पायाखालची जमीन काढलीस तू. मग पाय चुकणारच.

प्रिया : आमाला सवय आहे त्याची. मग उलटं यायचं का? शेवटून सुरू केलं तर जे सरकतील ते आधीच बघून झालेले असतील.

करीम : येईल बरोबर. मला हे सुचायला पूर्ण आठवडा गेला होता. पण त्याच्याहून सोपं आहे. जुन्या लिस्टमधून काही काढूच नको. शेजारी एक नवी रिकामी लिस्ट घे. जुनीतलं एकेक नाव बघ, चालू असेल ते नव्या लिस्टमध्ये शेवटी जोड. पुश. बंद असेल तर नुसतं पुढं जा. शेवटी नव्या लिस्टमध्ये जे आहे तेच खरं.

प्रिया : जुनीला हात लावायचा नाय.

करीम : अजिबात नाही. लिही आता. आणि प्रिया, अजून वेळ आहे. एक मोटेल राहू दिलंस तर मी काही म्हणणार नाही.

प्रिया : नाय राहणार.

(बाहेर कुलूप काढल्याचा आणि जाळी सरकल्याचा आवाज.)

साहेब : सॉरी हं, बेलापूरला अडकलो. गरम झालं असेल तुम्हाला. काय प्रिया बेटा, तयार? ही फ्लॉपी घे. नवी लिस्ट आहे. बंद मोटेलं काढ, उरलेली नावाप्रमाणे लाव. करीम, तू लांब उभा राहा. बोलायचं नाही.

करीम : नाही बोलत.

साहेब : आणि घाई नको. मी बसतो इथं.

प्रिया : झालं साहेब.

साहेब : इतक्यात? बघू. ब्लू डोअर, लेकसाइड, पाइन ट्री... अरे वा. मुद्दाम तीन बंद शेजारी शेजारी घुसवली होती मी. एकही राहिलं नाही. करीमचं राहिलं होतं, आठवतं ना रे?

करीम : आठवतं. साहेब, माझे कागद.

साहेब : बस आधी. प्रिया हुशार आहे, नो डाउट. पण बेसिकली मुलगी आहे. उद्या लग्न ठरणार, माझ्या टेबलावर पत्रिका ठेवणार, नमस्कार करणार आणि जाणार. मी सकाळी अमेरिकेला काय पत्रिका पाठवू? म्हणून एखादा मुलगा मिळेपर्यंत तू थांब. ती राहील तुझ्या हाताखाली.

करीम : तुम्ही म्हणाला होतात, माणूस तयार कर. मी केला. माझा व्हिसा ह्या महिन्याचा आहे.

साहेब : गल्फचं काय, एक गेला की दुसरा येतो. मी काही तुझं वाईट चिंतत नाही. कागद माझ्याकडे सेफ आहेत.

प्रिया : साहेब, बाँडमध्ये लिहा ना मग.

साहेब : काय लिहू?

प्रिया : लग्न ठरलं किंवा लग्न झालं तरी तीन वर्षं ही नोकरी सोडता येणार नाय. सोडली तर माझे कागद मिळणार नायत. असं स्पष्ट लिहा. मी सही करते.

साहेब : लोक माझ्याकडे वाक्यं खोडून घ्यायला येतात. तू घालायला सांगतेस.

प्रिया : आणि मोठ्या अक्षरात लिहा. घरी दाखवायचंय.

करीम : साहेब, नका लिहू. मी थांबतो. मामूला मी सांगेन, नाही जमत म्हणून.

साहेब : बघ, हा समजूतदारपणा.

प्रिया : करीमभाई, तुमी थांबलात तर माझी सही होत नाय. साहेब आता म्हणाले ना, मुलगा मिळेपर्यंत. मग मी काय, हाताखालची. तशा नोकरीला आबा नोकरी म्हणणार नायत. तुमी माझ्यावर उपकार करायला जाताय आणि माझी जागा अडवून बसताय.

करीम : तुला काय होणार ते मला माहीत आहे म्हणून बोलतोय.

प्रिया : मला पण माहीत आहे. तुमीच सांगितलंत.

साहेब : हे काय चाललंय तुमचं? प्रिया, वडिलांची सही लागेल.

प्रिया : कशाला? मी एकवीस वर्षांची आहे. माझी सही चालते.

साहेब : आणि ओरिजिनल कागद? उद्या आणशील, परवा आणशील, मग आठवडा जाईल.

प्रिया : आणलेत. ह्या पिशवीत आहेत. दहावी, बारावी, बी.एस्सी. पण आधी करीमभाईंचे टेबलावर ठेवा.

साहेब : माझ्यावर विश्वास नाही?

प्रिया : तुमचा पण माझ्यावर नाय, म्हणून तर कागद घेताय.

साहेब : ठीक आहे. कपाटात आहेत. हे घे करीम. बघून घे, सगळे आहेत.

प्रिया : आणि आणखी एक. मी आत असताना कुलूप आतून लागेल. चावी माझ्याकडे.

साहेब : मशीन गेलं तर?

प्रिया : माझी जबाबदारी. ते पण लिहा.

साहेब : लिहितो. झालं?

प्रिया : घरी कोणी आजारी पडलं तर मला जाऊ द्यायचं. हे शेवटचं.

साहेब : असलं कोणी लिहून देत नाही, बेटा. ते त्या त्या वेळी बघायचं असतं.

प्रिया : दिलीपच्या वेळी बघितलं होतं?

साहेब : सही करायची आहे की नाही? मला अजून एक फोन करायचाय.

करीम : प्रिया, उठ. पिशवी घे आणि चल माझ्याबरोबर. जाळी उघडी आहे.

प्रिया : पेन द्या, साहेब.

साहेब : इथं. आणि इथं, खाली. गुड. ही घे चावी. इथून एसटीडी लागत नाही, मी बूथवर जाऊन फोन करून येतो, इथला फोन तुम्हाला लागला तर वापरा. करीम, जायच्या आधी तिला रात्रीचं काम एकदा दाखव. ऑल द बेस्ट तुला.

करीम : गेला. माणूस असा जातो, जसं काही झालंच नाही.

प्रिया : इतके घट्ट का धरलेत? कागद चुरगळतील. द्या, ह्या फाइलमध्ये घाला. माझी आता रिकामीच आहे.

करीम : मला आनंद व्हायला पाहिजे ना? दोन वर्षं मी हे कागद हातात घ्यायचं स्वप्न बघितलं. आता घेतले तर ते जड लागतायत.

प्रिया : एजंटकडे ठेवा, हलके होतील. ह्याच आठवड्यात जा.

करीम : उद्या मी इथं येतो. रात्रीचं काम एकदा बरोबर बसून करू. साडेआठला अमेरिकेहून मेल येते, लाइन मध्येच तुटते, मग...

प्रिया : नको. तुमी उद्या आलात तर परवा पण याल. मला माहीत आहे तुमचा स्वभाव. आता काय सांगायचं ते सांगा.

करीम : अडलीस तर दर पावलाला लिस्ट छापून बघ. काढल्यावर छाप, जोडल्यावर छाप. तुला वाटतं ते तिच्यात आहे असं धरून चालू नको, काय आहे ते बघ. बाकी तुला येतं. खरंच येतं. दिलीपला मी आवडलो असेन नसेन, पण तू आवडली असतीस.

प्रिया : अजून?

करीम : एक दिवस साहेब तुला पण सांगतील, जागेवर माणूस तयार कर.

प्रिया : सांगतील. मी त्या पोराला पहिल्या दिवशीच सगळं सांगेन. मग त्याला बसायचं असेल तर बसेल.

करीम : मी तसं करायला पाहिजे होतं.

प्रिया : तुमी फेल करायला बघत होतात. तेवढं पण कोणी करत नाय. जावा आता, म्हसळ्याची गाडी चुकेल. अम्मीला कागद दाखवा.

करीम : कधी वाशीला, कुठं भेटलीस, तर मी रस्ता ओलांडून जाणार नाही.

प्रिया : तुमी दोहाला असाल. खुदा हाफिज, करीमभाई. जाळी लोटून घ्या, मी आतून लावते.

करीम : लावलीस?

प्रिया : लावली. हां, जावा.

...

(प्रिया आतल्या फोनवरून घरी फोन लावते. पलीकडे तिची आई, पुतळा.)

पुतळा : हालो. कोन?

प्रिया : आये, मी. बापूस कंय हाय?

पुतळा : ओट्यावं बसलाय. मिथुनचा बापूस आलाय, नकाशा घेऊन. हलू बोल. काय झालां?

प्रिया : सही केली.

पुतळा : केलीस?

प्रिया : तीन वर्सांची. लगीन झालां तरी सोराला येनार नाय असा लिवून घेतला. कागद पन दिलं त्यांना.

पुतळा : कपाटातशी मी कारून दिलं तवाच माजा जीव वर-खाली झालता. दुपारपासून दोनदा कपाट उघरलां तुज्या बापासनी. मी बोलली, पोरीनं हापिसात दाखवाला नेलंय.

प्रिया : आता सांग त्यांना. मिथुनच्या बापासमोरच सांग.

पुतळा : बोंबलतील.

प्रिया : बोंबलू दे. कागद आनून दाखवते. मोट्या अक्षरात लिवलाय.

पुतळा : पोरी, तुजा आवाज असा काय येतंय? एकलीच हायस तिथं?

प्रिया : हां. करीमभाई गेलं.

पुतळा : मंग घरी ये. रात्र व्हाला आली.

प्रिया : आज नाय येत लवकर. साडेआठला अमेरिकेची लिस्ट येते, ती करून निंगते.

पुतळा : असा रोज?

प्रिया : आये, ते सगलं मंग. आदी त्यांना सांग.

पुतळा : तुजा बापूस उठलाय. इकरंच येतंय. तूच बोल त्यांच्याशी. देऊ फोन?

प्रिया : नको. तू सांग सही झाली. आन उद्यापासून माजा डबा दोन येलचा लागंल.